हेलिबोर, खरबक आणि कुटकी : एका हिवाळी फुलाच्या नावाचा मुंबई इलाख्यातील इतिहास

सारांश

हेलिबोर हे युरोपातील हिवाळ्यात व वसंतारंभी फुलणारे बागेतील फूल होय. भारतात ही वनस्पती वन्य स्थितीत आढळत नाही व कोकणच्या हवामानात ती रुजण्यासारखीही नाही. असे असूनही एकोणिसाव्या शतकातील औषधिकोशांतून व शब्दकोशांतून तिचे नाव भारतीय ‘कुटकी’ या औषधी मुळाला चिकटले. प्रस्तुत शोधनिबंधात हे फूल मुंबई इलाख्याच्या बागांत का आले नाही आणि त्याचे नाव मात्र येथील वैद्यकीय वाङ्मयात कसे आले, या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. नावांची अशी गल्लत ही केवळ कोशातील चूक नसून तिचे आरोग्य, वनस्पतिसंरक्षण व संशोधन या तिन्ही क्षेत्रांवर परिणाम संभवतात, असा निष्कर्ष मांडला आहे.

बीजशब्द : हेलिबोर, कुटकी, खरबक, बाळकडू, शेवंती, वसाहतकालीन बागा, औषधिकोश.

१. प्रस्तावना

भिवंडी शहरातील कामतघर परिसरात मार्गशीर्ष महिना सुरू झाला की सकाळच्या वेळी वऱ्हाळा देवी तलावाकडून येणारा वारा थोडा गार होतो. यंत्रमागांचा खडखडाट नेहमीसारखाच चालू असतो, परंतु रस्त्याच्या कडेच्या फुलांच्या पाट्यांत बदल झालेला दिसतो. मार्गशीर्षातील गुरुवारच्या व्रतासाठी शेवंती आणि झेंडू यांच्या राशी मांडल्या जातात. येथील मराठी गृहिणी ज्या फुलाला शेवंती म्हणते, त्यालाच शेजारची तेलुगू भाषक विणकर कुटुंबातील स्त्री ‘चामंती’ म्हणते आणि उत्तर भारतीय शेजारीण ‘गुलदाउदी’ म्हणते. फूल एक, नावे तीन. तरीही व्यवहारात कोणाची फसगत होत नाही, कारण वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर असते.

मात्र वस्तू डोळ्यांसमोर नसताना केवळ नावच प्रवास करू लागले तर काय घडते? या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष स्वतःच्या एका चुकीमुळे वेधले गेले. लेखकाच्या एम.फिल. प्रबंधिकेतील औषधींच्या तक्त्यात ‘कटुरोहिणी’ या नावासमोर ‘हेलिबोरस नायजर’ असे वनस्पतिनाम दिलेले आहे. ते एका प्रतिष्ठित संस्कृत कोशातून जसेच्या तसे उचलले होते. प्रबंधिका मान्य झाली, पदवी मिळाली आणि अनेक वर्षांनंतर वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी सहज पाने चाळताना विचारले, “सर, हे विषारी फूल आपल्या काढ्यात कोठून आले?” प्रस्तुत निबंध हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) हेलिबोर या फुलाचे युरोपीय बागांच्या इतिहासातील स्थान थोडक्यात पाहणे.
२) मुंबई इलाख्यातील वसाहतकालीन बागांमध्ये हिवाळी फुलांची जी परंपरा घडली तिचे स्वरूप समजून घेणे.
३) हेलिबोर व कुटकी यांच्या नावांची गल्लत कशी झाली याचा मागोवा घेणे.
४) या गल्लतीचे आजच्या काळातील परिणाम स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून औषधिकोश, शब्दकोश व वनस्पतिविषयक ग्रंथ ही मुख्य साधने आहेत. कामतघर परिसरातील भाषिक व्यवहाराचे निरीक्षण पूरक म्हणून वापरले आहे.

३. युरोपच्या बागेतील हेलिबोर

हेलिबोरस ही रॅननक्युलेसी कुलातील प्रजाती असून तिच्यात सुमारे वीस जाती आहेत. त्यांचा प्रदेश मुख्यतः दक्षिण व मध्य युरोप, बाल्कन द्वीपकल्प व काळ्या समुद्राचा परिसर हा आहे. एक जाती चीनमध्येही आढळते. आल्प्स पर्वतातील पांढऱ्या फुलांची हेलिबोरस नायजर ही जाती ‘ख्रिसमस रोझ’ म्हणून, तर काळ्या समुद्राच्या बाजूची हेलिबोरस ओरिएंटॅलिस ही जाती ‘लेंटन रोझ’ म्हणून ओळखली जाते. पहिली नाताळच्या सुमारास व दुसरी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात फुलते, म्हणून ही नावे पडली. गुलाबाशी दोहोंचाही संबंध नाही. ‘नायजर’ म्हणजे काळा. हे विशेषण फुलाला नसून मुळाला आहे.

या फुलाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या वस्तुतः निदलपुंजाची दले होत. खऱ्या पाकळ्यांचे रूपांतर मध देणाऱ्या लहान नळ्यांत झालेले असते. निदलपुंज लवकर गळत नाही, त्यामुळे फूल कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, झाडावर टिकलेले दिसते. बाग बर्फाने झाकलेली असताना एवढे टिकणारे फूल युरोपीय माणसाला प्रिय वाटावे, हे स्वाभाविक आहे.

तथापि बागेत येण्यापूर्वी हेलिबोर हे औषध होते, आणि भयंकर औषध होते. मेलाम्पस नावाच्या द्रष्ट्याने राजा प्रोइटस याच्या वेड लागलेल्या मुलींना हेलिबोरने बरे केले, अशी ग्रीक कथा आहे. अँटिकिरा हे गाव या मुळासाठी इतके प्रसिद्ध होते की ‘अँटिकिराला जा’ असे म्हणणे म्हणजे समोरच्याला वेडा ठरवणे होय. पहिल्या शतकात डायोस्कॉरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात काळा व पांढरा असे दोन प्रकार दिले. त्यांपैकी ‘पांढरा हेलिबोर’ ही आज व्हेराट्रम या सर्वस्वी वेगळ्या प्रजातीतील वनस्पती मानली जाते. म्हणजे नावाची गल्लत खुद्द ग्रीसमध्येच सुरू झाली होती. हेलिबोरमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. तीव्र उलट्या, जुलाब व हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता ही विषबाधेची लक्षणे होत.

इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड याने १५९७ साली आपल्या वनस्पतिग्रंथात हे फूल नाताळच्या सुमारास उमलते अशी नोंद केली. त्या काळी इंग्लंडमध्ये ज्यूलियन कालगणना चालू होती. म्हणून जेरार्डचा २५ डिसेंबर हा आजच्या गणनेने ४ जानेवारी होतो. आजच्या बागांत हे फूल पुष्कळदा नाताळ उलटल्यावरच उमलते, त्याचे एक कारण या कालगणनेच्या बदलातही शोधता येते. पुढे औषध म्हणून हेलिबोरचे महत्त्व घटत गेले व बागेतील फूल म्हणून ते वाढत गेले. विसाव्या शतकात हेलन बॅलार्ड, एलिझाबेथ स्ट्रँगमन यांसारख्या इंग्रज बागकामतज्ज्ञ स्त्रियांनी संकराद्वारे नवे रंग व दुहेरी फुले निर्माण केली. स्ट्रँगमन यांना १९७१ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील माँटेनेग्रोमध्ये दुहेरी फुलांची वन्य झाडे सापडली आणि त्यांतून पुढील अनेक वाण घडले. ब्रायन मॅथ्यू यांनी १९८९ मध्ये या प्रजातीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. २००५ मध्ये अमेरिकेतील बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने संकरित हेलिबोरला वर्षाची वनस्पती म्हणून निवडले.

४. मुंबई इलाख्यातील बागा आणि हिवाळी फुले

इंग्रज जेथे गेले तेथे आपली बाग घेऊन गेले, हे विधान बहुतांशी खरे असले तरी बागेतील सर्वच झाडे त्यांच्यासोबत येऊ शकली नाहीत. मुंबई इलाख्यात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पतिउद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी ते सांभाळले. या बागेचे एक महत्त्वाचे काम म्हणजे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पतींची लागवड हे होते. युरोपातून येणारी औषधे महाग व जुनी होत, म्हणून त्यांना स्थानिक पर्याय शोधणे ही राज्यकर्त्यांची निकड होती. ही निकड पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

मुंबईत भायखळा येथे १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, खुली झाली. पुण्यात गणेशखिंड येथील उद्यान १८७३ मध्ये जॉर्ज मार्शल वुड्रो यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. या बागांमधून हिवाळी ‘सीझन फ्लॉवर’ची पद्धत रूढ झाली. पावसाळा संपता संपता बी पेरावयाचे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्सी, ॲस्टर यांचे ताटवे फुलवावयाचे, असा हा क्रम होय. इंग्लंडच्या उन्हाळ्यातील फुले येथे हिवाळ्यात फुलू लागली. मात्र इंग्लंडच्या हिवाळ्यातील फुलाला येथे जागा उरली नाही.

याचे कारण हवामानात आहे. भिवंडीचे स्थान सुमारे १९.३ उत्तर अक्षांशावर आहे. येथे हिवाळ्यात पाणी गोठत नाही. हेलिबोरला चांगले फुलण्यासाठी थंडीचा दीर्घ काळ लागतो; शिवाय कोकणचा चार महिन्यांचा पाऊस व दमट उष्मा त्याच्या मुळांना मानवणारा नाही. याउलट शेवंतीला थंडीपेक्षा रात्रीची लांबी महत्त्वाची असते. दिवस लहान झाला की तिला कळी धरते. हे प्रकाशावधीचे तत्त्व गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडले. डिसेंबरच्या अखेरीस लंडनचा दिवस आठ तासांहून कमी, तर भिवंडीचा सुमारे अकरा तासांचा असतो. शेवंतीला तेवढेही पुरते. म्हणून चीनमधून निघालेली शेवंती कोकणात घरची झाली आणि मेक्सिकोतून निघालेला झेंडूही देवघरात बसला.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ‘शेवंती’ हे नाव देखील स्थलांतरितच आहे. हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढऱ्या गुलाबाचा एक प्रकार. मराठीत तेच नाव एका वेगळ्या कुलातील फुलाला मिळाले. परंतु शेवंतीच्या बाबतीत नावाबरोबर फूलही आले, म्हणून घोटाळा झाला नाही. हेलिबोरच्या बाबतीत फूल आले नाही, नाव तेवढे आले.

वस्तुतः हेलिबोरचे कुलबंधू आपल्याकडे नाहीत असे नाही. सह्याद्रीत फुलणारी मोरवेल, पावसाळ्यानंतर पठारांवर निळी फुले धरणारी निळवंती, स्वयंपाकघरातील कलौंजी आणि बाळगुटीतील अतिविष ही सर्व रॅननक्युलेसी कुलातीलच होत. ज्या कुटकीला हेलिबोरचे नाव मिळाले ती मात्र या कुलातील नाही.

५. मुळाचा प्रवास : खरबक ते कुटकी

नवव्या शतकात बगदाद येथे डायोस्कॉरिडीसचा ग्रंथ अरबीत आला. हेलिबोरला अरबीत ‘खरबक’ असे नाव आहे; काळा तो ‘खरबक अस्वद’ व पांढरा तो ‘खरबक अब्यद’. फारसीत काळ्या हेलिबोरला ‘खरबक-ए-सियाह’ म्हटले गेले. युनानी वैद्यकाबरोबर ही नावे हिंदुस्थानात आली. ग्रंथात खरबक होते, परंतु तिचा प्रदेश दूर राहिला होता. बाजारात मात्र हिमालयातून येणारे, बाहेरून काळपट, चवीला अत्यंत कडू आणि रेचक असे एक मूळ उपलब्ध होते. ते म्हणजे कुटकी.

कुटकी ही आयुर्वेदातील प्राचीन वनस्पती आहे. कटुका, कटुरोहिणी, तिक्ता ही तिची संस्कृत नावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील औषधिगणांत कटुरोहिणीचा समावेश लेखनीय व स्तन्यशोधन या गणांत आहे. यकृताच्या विकारांवर वैद्यमंडळी आजही जी आरोग्यवर्धिनी देतात, तिचा प्रमुख घटक कुटकीच आहे. ही वनस्पती हिमालयात सुमारे ३००० ते ४५०० मीटर उंचीवर वाढते.

व्हाइटलॉ एन्स्ली या मद्रास इलाख्यातील डॉक्टरने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मटेरिया इंडिका’ या ग्रंथात ‘काळा हेलिबोर’ या शीर्षकाखाली तमिळमधील कडुगुरोगणी, दख्खनीतील काळी कुटकी, संस्कृतमधील कटुरोहिणी आणि अरबीतील खरबक ही सर्व नावे एकत्र दिलेली आहेत. ही नोंद बारकाईने पाहिली असता तिच्यात तीन परंपरा एकाच ओळीत उभ्या केलेल्या दिसतात. संस्कृत नावाचा अर्थ वैद्याला ठाऊक होता, अरबी नावाचा अर्थ हकिमाला ठाऊक होता आणि लॅटिन नावाचा अर्थ डॉक्टरला ठाऊक होता. परंतु तिघांच्या मनातील वनस्पती एकच आहे की नाही, हे तपासण्यासाठी फुललेले झाड तिघांपैकी कोणाच्याही समोर नव्हते. समोर होते ते सुकलेले मूळ. रंग, चव व रेचक गुण या तीन खुणांवरून समीकरण मांडले गेले असावे, असे अनुमान करता येते.

या चुकीमागे अज्ञानापेक्षा गरज अधिक आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. सरकारी भांडाराला युरोपीय औषधांचे देशी पर्याय हवे होते. ‘हे त्याच्यासारखे आहे’ या विधानाचे ‘हे तेच आहे’ या विधानात रूपांतर होण्यास प्रशासकीय सोय कारणीभूत ठरते. वसाहतकालीन ज्ञानव्यवहारात असे रूपांतर वारंवार आढळते. सोळाव्या शतकात गोव्यात राहून भारतीय औषधींवर ग्रंथ लिहिणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्येच ग्रीक ग्रंथांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर भर दिला होता. परंतु हा धडा सर्वांनी गिरवला नाही.

सुधारणा झाली ती वनस्पतिशास्त्रज्ञांकडून. जॉन फोर्ब्स रॉयल यांच्या हिमालयीन संग्रहावरून १८३५ मध्ये जॉर्ज बेंथॅम यांनी या वनस्पतीची स्वतंत्र प्रजाती प्रसिद्ध केली. तिचे नाव पिक्रोरायझा, म्हणजे ‘कडू मूळ’. आणि जातिवाचक ‘कुर्रोआ’ हे पंजाबी ‘करू’ या नावावरून आले. लॅटिन नावातही कडूपणा दोनदा आला आहे. मुंबईत सरकारचे मुख्य वैद्यकीय भांडारपाल असलेले विल्यम डायमॉक यांनी १८८० च्या दशकात पश्चिम भारताच्या वानस्पतिक औषधींवर ग्रंथ लिहिला व पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध केला. त्यात कुटकी पिक्रोरायझा म्हणूनच आली आहे. मुंबईच्या बाजारातील प्रत्यक्ष माल हाताळणारा माणूस हा फरक करू शकला, ही गोष्ट सूचक आहे.

परंतु शब्दकोशांचा वेग वेगळा असतो. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘कटुरोहिणी’ या नोंदीसमोर हेलिबोरस नायजर हेच नाव आहे. म्हणजे वनस्पतिशास्त्राने चूक दुरुस्त केल्यानंतर सहा दशकांनीही भाषाशास्त्राने ती जपून ठेवली. हा कोश आजही सर्वत्र वापरला जातो आणि आता तो संगणकावरही उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखकाची चूक तेथूनच आली होती.

६. बाळकडू : शब्दाचा उरलेला अर्थ

मराठीत कुटकीला ‘काळी कुटकी’, ‘केदारकडू’ ही नावे आहेत आणि ‘बाळकडू’ या शब्दाशीही तिचे नाते आहे. तान्ह्या मुलाला द्यावयाच्या कडू औषधाला बाळकडू म्हणत. त्यातील घटक प्रांतोप्रांती व घरोघरी बदलत. आज मात्र हा शब्द जवळजवळ पूर्णपणे लाक्षणिक झाला आहे. पदवीच्या वर्गात ‘बाळकडू’ म्हणजे काय असे विचारले असता विद्यार्थी ‘लहानपणापासूनचे संस्कार’ असे अचूक उत्तर देतात; ते कधीकाळी सहाणेवर उगाळले जाणारे खरेखुरे औषध होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शिशूला पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात; त्यामुळे ही प्रथा मागे पडणे योग्यच आहे. तथापि प्रथा संपताना शब्दाची मुळे विसरली जाऊ नयेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

या दृष्टीने भिवंडीसारखे शहर अभ्यासाला उपयुक्त आहे. येथे मराठी भाषक, कोकणी मुसलमान, १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून येत राहिलेले विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली समाजातील विणकर शेजारी शेजारी राहतात. येथे खरबक हा युनानी शब्द, कुटकी हा हिंदी-मराठी शब्द आणि कटुकरोहिणी हा तेलुगू शब्द एकाच वस्तीत ऐकू येऊ शकतो. एन्स्लीने कागदावर जी ओळ मांडली, ती येथे जिवंत माणसांच्या बोलण्यात आहे. फरक इतकाच की गिऱ्हाईक आणि दुकानदार मूळ हातात घेऊन, चव घेऊन व्यवहार करतात.

७. चुकीच्या नावाचे परिणाम

या गल्लतीचे परिणाम तीन प्रकारचे संभवतात.

पहिला परिणाम आरोग्याचा. कुटकी म्हणजे हेलिबोर असे मानून कोणी परदेशातून हेलिबोरचे मूळ मागवले अथवा बागेतील झाडाचे मूळ वापरले, तर ते जीवावर बेतू शकते. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दारात आज हेलिबोर शोभेसाठी असणे सहज शक्य आहे. तेव्हा ही भीती केवळ पुस्तकी नाही.

दुसरा परिणाम संरक्षणाचा. कुटकीचे मूळ काढले की झाडच जाते. अतिरिक्त संकलनामुळे ती संकटात आली असून १९९७ मध्ये तिचा समावेश वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. कायद्याचे संरक्षण वनस्पतिनामाला मिळते. ज्या ग्रंथात, तक्त्यात किंवा मालाच्या यादीत नावच चुकीचे आहे, तेथे संरक्षणही लागू होत नाही.

तिसरा परिणाम संशोधनाचा. आपल्या महाविद्यालयांत इतिहास, संस्कृत व मराठीचे संशोधक कोशातील लॅटिन नाव अंतिम मानतात आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भिंतीपलीकडच्याच विभागात बसलेले असूनही त्यांना विचारत नाहीत. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा परिसंवादात होते, परंतु एका तक्त्यातील एक नाव तपासून घेण्याइतकी ती व्यवहारात उतरत नाही. या दोषातून प्रस्तुत लेखक स्वतःला वगळत नाही.

८. निष्कर्ष

१) हेलिबोर हे युरोपातील हिवाळी फूल मुंबई इलाख्याच्या मैदानी बागांत रुजण्यासारखे नव्हते, याचे कारण हवामान हे होय. येथील हिवाळी बागेची जागा शेवंती, झेंडू व पावसाळ्यानंतर पेरल्या जाणाऱ्या वर्षायू फुलांनी घेतली.

२) फूल आले नसले तरी त्याचे नाव युनानी व युरोपीय अशा दोन वाटांनी येऊन कुटकीला चिकटले. सुकलेल्या मुळाचे साम्य व देशी पर्यायांची प्रशासकीय गरज ही त्याची संभाव्य कारणे होत.

३) वनस्पतिशास्त्राने १८३५ मध्ये व मुंबईच्या औषधिशास्त्रज्ञांनी शतकाच्या अखेरीस फरक स्पष्ट केला, परंतु शब्दकोशांतून चूक पुढे चालू राहिली.

४) जुन्या कोशांतील वनस्पतिनामे उद्धृत करताना ती आधुनिक वनस्पतिग्रंथांशी ताडून पाहणे आणि संबंधित विभागातील तज्ज्ञांचा सल्ला घेणे हे भाषा व इतिहास या विषयांच्या संशोधनात अनिवार्य मानले जावे. पीएच.डी. प्रबंधांच्या मूल्यमापनातही या तपासणीला स्थान असावे.

कामतघरच्या रस्त्यावर शेवंती विकणाऱ्या बाईला तिच्या फुलाची तीन नावे ठाऊक असतात व गिऱ्हाईक पाहून ती योग्य ते नाव वापरते. नाव बदलले तरी ती फूल बदलून देत नाही. ग्रंथांच्या आधारे काम करणाऱ्या आपणा अध्यापकांकडूनही किमान एवढ्या दक्षतेची अपेक्षा करणे गैर ठरू नये.